फणसेभाऊजी, पट्टीसकट

तन्वी आणि निहार,

गेल्या रविवारी फोनवर तन्वीने विचारलं, "आजी, बाबाच्या बारशाच्या फोटोत पाळण्यात फूटपट्टी का ठेवलीय?" मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे, लिहून पाठवते. तुमच्या बाबाने दिवाळीत इथे येऊन सगळे जुने फोटो कॉम्प्युटरवर चढवले, ते फार चांगलं केलं. पण त्याने फक्त पुढची बाजू चढवली. त्या एका फोटोची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा वाचनीय आहे आणि ते माहीत असलेली आता मी एकटीच उरले आहे. म्हणून आत्ताच लिहायला बसले.

फोटोच्या मागे निळ्या-काळ्या शाईत, बारीक आणि सरळ अक्षरात लिहिलं आहे: "बालक, पुरुष. वय बारा दिवस. ठिकाण अंबरनाथ पश्चिम, पहिला मजला, पूर्वेची खिडकी. विवर्धन नाही. रंग दिलेला नाही, काजळ सोडून. पट्टी बारा इंच, लाकडी. प्रत पहिली, आईला. दुसरी प्रत फोटोग्राफरकडे."

'बालक, पुरुष' वाचून तुमचे आजोबा दोन दिवस हसत होते. फोटो काढणारे होते आमच्या समोरच्या दारातले अनंत फणसे. मी त्यांना भाऊजी म्हणायचे, ते मला वहिनी. कोणताही फोटो काढताना ते त्यात पट्टी ठेवायचे. माणसाचा असो, मांजराचा असो, नाहीतर गणपतीचा. गणपतीच्या वेळी तुमच्या पणजीबाई रागावल्या. "अहो, देवाला काय मापं घेता?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "देवाला नाही हो, मूर्तीला. पुढच्या वर्षी मखर करताना मलाच विचारायला येणार आहात, केवढी होती म्हणून." आणि पुढच्या वर्षी खरोखरच विचारायला जावं लागलं.

त्यांचे तीन प्रश्न ठरलेले होते. कुठलं? कधीचं? केवढं? या तिन्हींचं उत्तर नसलेली वस्तू त्यांच्या लेखी जगात नव्हतीच. मी लोणच्याची वाटी घेऊन गेले तर आधी, "कुठली कैरी?" मग, "कधी घातलं?" केवढं हे वाटीत दिसायचंच. रिकामी वाटी परत यायची ती चिठ्ठीसकट: "वाटी, स्टील. मालक समोरच्या वहिनी. धुतलेली." त्यांच्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यावर 'साखर' लिहून भागत नसे, कोणत्या दुकानाची आणि कधी भरली तेही असे. घरात राहायला ते एकटेच. दुसरं कोणी ते वाचणार नव्हतं.

लग्न का झालं नाही, याची एक गोष्ट ते स्वतःच सांगायचे. कल्याणच्या एका मध्यस्थांनी मुलीचा फोटो पाठवला होता. यांनी तो परत पाठवला आणि सोबत लिहिलं, "फोटो उत्तम. उंची पाच फूट दोन इंच लिहिली आहे, पण फोटोत पट्टी नसल्याने पडताळता येत नाही." मुलीच्या वडिलांचं उत्तर मात्र त्यांनी कधी वाचून दाखवलं नाही. ही गोष्ट सांगताना ते सगळ्यांच्या आधी हसायचे. मला ती कधीच पुरती खरी वाटली नाही. त्यांना मुलगी नको होती की मुलीने त्यांना नको म्हटलं होतं, ते मी विचारलं नाही.

आता त्यांच्या खऱ्या कामाबद्दल. उल्हासनगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये ते असिस्टंट होते. प्रोफेसर नव्हे, काचा धुणं, रसायनं काढून देणं, मुलांनी फोडलेल्या वस्तूंची नोंद करणं, असं काम. पण कॉलेजातल्या एका मायक्रोस्कोपला कॅमेरा बसवायची सोय त्यांनी स्वतः जमवली होती आणि सुट्टीच्या दिवशी तो वापरायची परवानगीही मिळवली होती. त्यावर ते फुलांच्या परागकणांचे फोटो काढत.

फुलाला बोट लावलं की पिवळी पूड लागते ना, तिचा एकेक कण. साध्या डोळ्याला नुसती धूळ दिसते. मोठा करून पाहिला की एखादा काटेरी चेंडूसारखा, एखादा करंजीसारखा, एखाद्यावर जाळी. प्रत्येक झाडाचा वेगळा. भाऊजी मला समजावायचे, "वहिनी, कुठे तरी एका डॉक्टरला पाहिजे असतं, पेशंटला शिंका कशाने येतात. दुसऱ्याला मध तपासायचाय, मधमाशी कुठल्या फुलावर गेली होती. तिसरा जुनी माती उकरून शोधतोय, इथे पूर्वी काय उगवत होतं. तिघांनाही तोच कण ओळखायचाय. आणि तिघंही आपापल्या खोलीत पहिल्यापासून सुरुवात करतात! एकाने फोटो काढून ठेवावा आणि मागेल त्याला द्यावा. संपलं."

हा 'एक' म्हणजे ते स्वतः. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी नेमलं नव्हतं.

रविवारी ते सायकलने बदलापूरच्या पुढे चामटोलीपर्यंत जाऊन फुलं गोळा करायचे. तिथे शेताच्या बांधावर एक म्हातारी त्यांना हमखास गाठायची. "काय वो मास्तर, यवढी फुला कोनासाटी? घरान बायको हाय का?" भाऊजी म्हणायचे, "नाही आजी, मायक्रोस्कोप आहे." म्हातारी म्हणायची, "त्याला तरी घाला एकादा गजरा."

फोटो धुवायचे ते घरच्या मोरीत, खिडकीला काळं कापड लावून. कण लावलेल्या काचपट्ट्या आणि फोटो ठेवायला लाकडी पेट्या परवडत नव्हत्या, म्हणून उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका मिठाईवाल्याकडून ते रिकामे डबे आणत. तो सिंधी दुकानदार दर वेळी कपाळाला हात लावायचा. "साईं, मिठाई तो कभी लेते नहीं, खाली डब्बा, डब्बा, डब्बा! शादी है क्या घर में?" त्यामुळे त्यांच्या कपाटात काजू कतलीच्या डब्यात कडुनिंब आणि म्हैसूरपाकाच्या डब्यात निरगुडी असायची. तुमच्या आजोबांनी एकदा पाहुणचार होतोय असं समजून स्वतःच डबा उघडला होता. त्यानंतर त्या घरी ते फक्त चहा पीत.

या कामात माझा भाग लेबलं टाइप करण्याचा. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, शाळेची लायब्ररी सांभाळायचे, आणि माझ्याकडे माहेरून आणलेला छोटा टाइपरायटर होता. प्रत्येक फोटोमागे इंग्रजीत टाइप केलेलं लेबल: झाड, गाव, तारीख, किती पट मोठं, कोणता रंग दिला, फोटो कोणी काढला. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात भाऊजी बारीक निबाने एक रेघ काढत. ती त्यांची पट्टी. या रेघेएवढं म्हणजे इतके मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. "वहिनी, फोटो द्यायचा तर पट्टीसकट," हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल!

त्यांचा पत्ता एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला आणि पत्रं येऊ लागली. पुण्याहून, लखनौहून, कलकत्त्याहून. मागेल त्याला फोटो जायचा, आणि सोबत एक छापील पोचकार्ड, भाऊजींचा पत्ता आधीच घातलेलं. त्यावर प्रश्न होते: पोचला का? स्पष्ट आहे का? उपयोगी पडला का? आणि शेवटी एक चौथा प्रश्न, त्याच्याखाली चार रिकाम्या ओळी: तुम्हाला काय दिसलं?

मी विचारलं होतं, "हा कशाला? काय दिसायचं ते तुम्ही लेबलावर लिहिलंयच की."

"ते मला दिसलेलं," ते म्हणाले. "मी एकटा किती पाहणार?"

पोचकार्डं फारशी येत नसत. दहांनी मागावं आणि एकाने कळवावं, तेही 'थँक्स' एवढंच. चार ओळी रिकाम्या. मी शाळेतून परतायचे त्याच सुमाराला दुपारचं टपाल यायचं. कॉलेजला सुट्टी असली की भाऊजी जिन्यात उभे असायचे, काहीतरी आणायला निघाल्यासारखी पिशवी हातात. पोस्टमन म्हणायचा, "फणसेसाहेब, आज नाय." मग ते पिशवी घेऊन परत घरात जायचे.

आणि मग ते पट्टी कापल्याचं प्रकरण झालं.

एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले, हातात कॉलेजच्या लायब्ररीतलं एक संशोधनाचं मासिक. त्यात त्यांचा जास्वंदीचा फोटो छापला होता. त्या कणाचा डावीकडचा एक काटा वाकडा होता, म्हणून ओळखू आला. खाली नाव दुसऱ्याच कोणाचं. मी चिडले. म्हटलं, "तुमचं नाव नाही?"

"नावाचं सोडा हो. लॅब असिस्टंटचं नाव कोण घालतं?" त्यांनी उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "पण पट्टी कापली, वहिनी. रकान्यात बसेना म्हणून कोपरा कापला. आणि खाली लिहिलंय भेंडी! दोघांचेही कण काटेरी, आता मापाशिवाय कोणी कसं ताडून बघणार? ज्याच्या ज्याच्या हाती हे मासिक जाईल तो माझी जास्वंद भेंडी म्हणून ओळखणार."

तुमचे आजोबा म्हणाले, "फणसे, संपादकाला एक सणसणीत पत्र टाका."

"टाकेन. पण आता नवीन काढायचं नाही. वाटप बंद." त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

ते खरोखर बंद झालं. रविवारी सायकल जिन्याखालीच राहू लागली. मोरीच्या खिडकीवरचं काळं कापड निघालं. बाहेरगावची पत्रं यायची, ती न फोडता रचून ठेवायचे. सगळ्यात वाईट म्हणजे मी शिऱ्याची वाटी घेऊन गेले तर परत आली ती चिठ्ठीशिवाय. नुसती वाटी. मी आजोबांना म्हटलं, "हे काही बरं नाही."

त्या जास्वंदीच्या फोटोची एक जादा प्रत लेबलासाठी माझ्याकडे आली होती ती तशीच राहिली होती. एका दुपारी मी ती भिंग घेऊन पाहिली. इतकी लेबलं टाइप केली मी, पण खरं सांगते, त्यापूर्वी एकही फोटो धड पाहिला नव्हता. काटेरी चेंडू दिसला, वाकडा काटा दिसला. आणि उजव्या कोपऱ्यात, भाऊजींच्या रेघेच्या अगदी शेजारी, एक चिमुकला गुळगुळीत गोळा दिसला. त्याला काटे नव्हते. एकच भोक होतं. तो जास्वंदीचा नक्कीच नव्हता, आणि लेबलावर त्याचा उल्लेखही नव्हता.

मी टाइपरायटर ओढला. लेबलांबरोबर पाठवायची कोरी पोचकार्डं माझ्याकडे होतीच. चौथ्या प्रश्नाखाली इंग्रजीत टाइप केलं: "आपला फोटो इथल्या एका प्राध्यापकांकडे पाहिला. पट्टीच्या शेजारी एक लहान गुळगुळीत कण आहे. त्याला एकच छिद्र आहे. हा पाहुणा कुठून आला?" खाली माझ्या नागपूरच्या बहिणीचं, मालूचं सासरचं नाव आणि पत्ता. कार्ड पाकिटात घालून मालूला पाठवलं: तुझ्या गावच्या पेटीत टाक, म्हणजे शिक्का नागपूरचा पडेल. सही डाव्या हाताने केली होती. मला वाटलं, मी सगळा विचार केलाय.

आठवड्याने भाऊजी आमच्या दारात. कार्ड दोन्ही हातांत धरलेलं, आरतीचं तबक धरतात तसं.

"वहिनी, कोणीतरी पाहिलं! पट्टीच्या शेजारी पाहिलं! नागपूरच्या बाई आहेत." त्यांनी मला माझंच वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. "मला नव्हता हो दिसला तो कण. गवताच्या कुळातला आहे, बहुतेक भाताचा. चामटोलीला कुंपणाच्या पलीकडे भाताचं खाचरच आहे. वाऱ्याने येऊन बसलाय!"

"हुशार दिसतात बाई," मी म्हटलं. तुमच्या आजोबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

पुढच्या रविवारी सायकल चामटोलीला गेली.

पण एक गोष्ट माझ्या हिशेबात आली नव्हती. पाहणारी भेटल्यावर भाऊजी तिला पाठवत राहणार. तीन आठवड्यांत मालूचा फोन आला. "ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मिठाईचा डबा आला पार्सलने. ह्यांनी शेजाऱ्यांना बोलावलं, आणि आत काय? काचा! आणि धुळीचे फोटो! शेजारीण म्हणते, तुमच्या माहेरी असं गोड वाटतात होय?"

"मालू, फोटो इकडे पाठव. उत्तर मी लिहीन. तू फक्त पेटीत टाक."

"आणि काचा?"

"राहू दे तुझ्याकडे. धुळीपासून जप."

"धुळीच्याच काचा धुळीपासून जपू?" मालू म्हणाली. पण जपल्या तिने.

असं ते सुरू झालं आणि नऊ वर्षं चाललं. आमच्या दोन दारांत चार पावलांचं अंतर. भाऊजींच्या घरून निघालेला फोटो नागपूरला जाऊन माझ्याकडे यायचा, मी दुपारी भिंग घेऊन तो पाहायचे, मनापासून पाहायचे, आणि माझं उत्तर पुन्हा नागपूरला जाऊन समोरच्या दारात पोचायचं. आजोबा म्हणायचे, "दार उघडून सांग की सरळ!" पण दार उघडून सांगितलं असतं तर ती समोरच्या वहिनींची दया झाली असती. नागपूरच्या बाईंची दया नव्हती. त्यांना खरंच काहीतरी दिसत होतं. शेवग्यात काय दिसलं, पांगाऱ्यात काय दिसलं, मला ते दिसायला लागलं होतं. दर वेळी भाऊजी येऊन कार्ड वाचून दाखवायचे आणि मी पहिल्यांदाच ऐकतेय अशी ऐकायचे. कधी मध्येच थांबून म्हणायचे, "बाई एकट्या राहत असाव्यात. फार सावकाश पाहतात." मी भांडी आवरायला उठायचे.

नव्वदनंतर त्यांचा पुतण्या एकदा ठाण्याहून आला होता. त्याने नवीन कॉम्प्युटर घेतला होता. म्हणाला, "काका, हे सगळं कपाट एका कॉम्प्युटरमध्ये मावेल. जगात कुठेही पाठवता येईल."

"मावेल रे," भाऊजी म्हणाले. "पट्टीसकट मावेल का ते सांग."

निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी ते गेले. सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं, उघडलं नाही. टेबलावर अर्धं लिहिलेलं एक लेबल होतं: पळस, चामटोली. तारीख घालायची राहिली होती.

पुतण्याने घर रिकामं करायला घेतलं. चांगला मुलगा होता; म्हणाला, "काकू, हे डबे कसे लावायचे ते फक्त तुम्हालाच कळतं." मी सुट्टी काढून बसले. खालच्या खणात एक फाइल मिळाली, वर लिहिलेलं 'पोच'. आलेलं प्रत्येक कार्ड त्यांनी लावून ठेवलं होतं आणि प्रत्येकाच्या मागे, फोटोमागे लिहावी तशी, नोंद केली होती. "पुणे. डॉक्टर. निरीक्षण नाही." "लखनौ. विद्यार्थी. निरीक्षण नाही. अक्षर छान." अशी थोडीच. त्यानंतर नागपूरची, जाडजूड गठ्ठा.

पहिलं नागपूरचं कार्ड मी उलटं केलं. मागे एक छोटा फोटो चिकटवला होता. मायक्रोस्कोपखाली काढलेला, कोपऱ्यात पट्टीची रेघ. त्यात इंग्रजी लहान 'ए' हे अक्षर दोनदा, शेजारीशेजारी. एक माझ्या लेबलावरचं, एक कार्डावरचं. दोन्हींचं पोट शाईने बुजलेलं, दोन्हींची शेपटी एकाच जागी तुटलेली. शिक्क्याचा विचार केला, सहीचा केला; पण ज्या मशिनवर त्यांची हजारो लेबलं टाइप केली त्याच मशिनवर मी ते कार्ड टाइप केलं होतं. आणि ते पाठवलं होतं अशा माणसाला, ज्याचा सगळा जन्म बारीक वस्तू पाहण्यात गेला.

खाली नोंद होती. ती तशीच उतरवते.

"आले नागपूरहून. लिहिले समोरच्या दारात. ओळखले आले त्याच दिवशी, दुपारी. नाव खोटे. निरीक्षण खरे. ठेवावे. समोर कळू देऊ नये, पत्रे थांबतील."

म्हणजे कार्ड घेऊन माझ्या दारात आले, तेव्हा त्यांना माहीत होतं. पुढची नऊ वर्षं माझीच वाक्यं मला वाचून दाखवली, तेव्हाही माहीत होतं.

बरेचसे डबे पुतण्याने कॉलेजला दिले. पुढे लॅब नवीन झाली तेव्हा त्यांचं काय झालं, ते मला कळलं नाही. नागपूरच्या काचा मालूच्या सुनेने तिथल्या एका शिक्षिकेला दिल्या. ती मुलांना अजून दाखवते असं ऐकते. माझ्याकडे, लोखंडी कपाटात वरून दुसऱ्या खणात, जास्वंदीचा तो फोटो आहे, पोचेची फाइल आहे, आणि बारा इंची लाकडी पट्टी आहे. फोटोचा उजवा कोपरा शाबूत आहे.